विंडोजसोबत लिनक्स टाकताय? आधी फोटो-कागद बाजूला काढा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरातले जुने कॉम्प्युटर बरेचदा विंडोज ११ घेत नाहीत, पण म्हणून ते भंगारात घालायचं कारण नाही. त्याच हार्डडिस्कवर जागा मोकळी करून लिनक्स मिंट फुकट टाकता येतं. मशीन सुरू करताना यादी येते, हवी ती सिस्टीम निवडायची. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजवर राहू द्या, इंटरनेटची कामं लिनक्सवर करा.

खरी गोची टाकताना होते. 'इरेज डिस्क' हा पर्याय घेतला, की विंडोज, लग्नाचे फोटो, स्कॅन केलेला सातबारा सगळं गेलं! 'अलाँगसाइड' म्हणजे विंडोजच्या शेजारी, तोच घ्यायचा. आधी सगळं दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढा. लिनक्सचा पेनड्राइव्ह त्यासाठी चालत नाही, तो तयार करतानाच पुसला जातो.