मराठी वैद्यकीय परिभाषा

मराठी वैद्यकीय परिभाषा म्हणजे मानवी शरीराचे अवयव, रोग व उपचार यांसाठी मराठीत वापरल्या जाणाऱ्या संज्ञांचा समूह होय. बोलीतील शब्द, संस्कृतोद्भव संज्ञा आणि ग्रीक-लॅटिन मुळांच्या इंग्रजी संज्ञा असे तिचे तीन थर आहेत. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने शरीरक्रियाशास्त्रासारख्या विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत.

शब्दरचना

इंग्रजी संज्ञा घटकांत फोडल्यास अर्थ उलगडतो. 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड आणि 'आयटिस' म्हणजे दाह. म्हणून हेपॅटायटिस म्हणजे यकृतदाह आणि नेफ्रायटिस म्हणजे मूत्रपिंडदाह. 'हायपर' अधिकता, तर 'हायपो' न्यूनता दर्शवतो. हायपरग्लायसेमियात रक्तशर्करा वाढते, हायपोग्लायसेमियात घटते. दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध असल्याने ही गल्लत रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

बोलीतील शब्द

बोलीत 'शीर' हा शब्द रक्तवाहिनी व मज्जातंतू या दोहोंसाठी येतो. 'कमरेची शीर दबली' या तक्रारीत मज्जातंतू अभिप्रेत असतो. सलाइन लावताना 'शीर सापडत नाही' असे म्हटले जाते, तेव्हा नीला. 'काळीज' हा शब्द यकृत आणि हृदय अशा दोन्ही अर्थांनी रूढ आहे.

ठाणे परिसर

कळवा येथील राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महानगरपालिकेतर्फे चालवले जाते. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची रुग्णालये आहेत. वैद्यकीय पाठ्यपुस्तके इंग्रजीत असली, तरी या भागातील अनेक रुग्ण आपले दुखणे मराठीत सांगतात. त्यामुळे अचूक निदानासाठी विद्यार्थ्याला तिन्ही थरांतील शब्द अवगत असणे आवश्यक ठरते.