मोरीच्या तोंडाशी मांडूळ

मे महिन्यातली सकाळ. न्हावऱ्याहून पारगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भीमा ओलांडून दौंड तालुका लागण्याआधी, जेसीबी गटार मोकळं करतोय. पावसाआधी साइडपट्टी भरून व्हायची आहे. बकेटच्या एकेका घासात वेड्या बाभळीचं खोड मुळासकट वर येतं. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला नांगरून पडलेलं रान. मधली ही अरुंद पट्टीच काय ती कुणी नांगरत नाही. म्हणून इथे उंदीर आहेत, आणि उंदरांमागे साप.

पहिली निघते धामण. जमिनीची धमक लागताच ती बिळातून बाहेर पडते आणि सरसरत उसात शिरते. मजूर ओरडतात, पण दगड कुणी उचलत नाही. मला बरं वाटतं. तरी माझा जीव रस्त्याखालच्या जुन्या दगडी मोरीत अडकलेला आहे, तिथे मांडूळ असेल म्हणून. धामण पळू शकते, मांडूळ पळत नाही. धोका वाटला की ते भुसभुशीत मातीत आणखी आत घुसतं, आणि बकेटचे दात नेमके तिथंच पोचतात.

"थांबव, थांबव!" हेल्पर दोन्ही हात वर करतो. मशीन बंद होतं.

मोरीच्या तोंडाशी मुरमातून लालसर तपकिरी अंग दिसतंय, मनगटाएवढं जाड. शेपूट बोथट, डोक्यासारखीच. दोन मोटारसायकली थांबतात. "दुतोंड्या हाय. वजन किती भरंल?" मागून कुणीतरी विचारतो. मांडूळ गुप्तधन मिळवून देतं, वजनावर लाखोंचा भाव मिळतो, या थापेनं महाराष्ट्रात मांडुळं पोत्यात भरली गेलीत. या बिनविषारी, उंदरांवर जगणाऱ्या सापाला माणसाच्या हावेएवढा दुसरा शत्रू नसेल.

"दादा, तुम्ही पुढं व्हा. फोटो नको," मुकादम दरडावतो आणि वनविभागाचा 1926 नंबर लावतो. 2022च्या दुरुस्तीनंतर मांडूळ, धामण, नाग, घोणस हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मुकादमाला अनुसूची ठाऊक नाही. हात लावायचा नाही, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे.

केडगावकडून सर्पमित्र येतो. फावडं बाजूला ठेवून हातानंच मुरूम सारतो, अंगावर कुठं जखम आहे का बघतो. मादी असेल तर पोटात पिल्लं असण्याचे हे दिवस. मांडूळ अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतं. वनरक्षकाशी फोनवर बोलून तो पलीकडच्या बांधाकडे बोट दाखवतो.

"एवढ्या जवळ? लांब जंगलात सोडा की," मुकादम म्हणतो.

"इथलंच आहे मामा. लांब नेलं तर बीळ नाही, खाणं ठाऊक नाही, भटकून मरतं."

मुकादम घड्याळ बघतो. मुरमाचे पैसे घनमीटरवर मिळतात, या अर्ध्या तासाचे कोण देणार? हा अर्धा तास रस्त्याच्या अंदाजपत्रकातच धरायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

मोरी आता कुदळ-फावड्यानं उकरायची ठरते. जेसीबी रस्त्याकडून रानाकडे सरकणार, म्हणजे सुटायला वाट राहील. हेल्पर काठीनं गवत बडवत पुढे चालणार.

"पुढची मोरी कुठं?" सर्पमित्र विचारतो.

"नागरगाव फाट्याच्या अलीकडं."

तो गाडीला किक मारतो.