एक कोन, तीन घनमुळे

संमिश्र संख्येचे घनमूळ काढायचे असले की मी आधी आलेखाचा कागद पुढ्यात ओढतो. प्रथम वर्ष अभियांत्रिकीच्या वर्गातही माझा हाच आग्रह असतो. सूत्र पाठ असलेली मुले थेट आकडेमोडीला लागतात. पण हे काम मुळात कोनाचे तीन भाग करण्याचे आहे, आणि तो कोन डोळ्यांना दिसला पाहिजे.

उदाहरण मी जुनेच देतो. एका संख्येचा घन तिच्या १५ पटीपेक्षा ४ ने जास्त आहे, तर ती संख्या कोणती? ४ हे उत्तर लगेच सुचते: ६४ म्हणजे ६० अधिक ४. पण कार्दानो यांनी १५४५ मध्ये छापलेले सूत्र लावले, की २ + ११√−१ आणि २ − ११√−१ यांच्या घनमुळांची बेरीज समोर येते. साधे ४ त्यात कुठे दडले आहे? इटलीच्या बोंबेल्ली यांनी १५७२ च्या ग्रंथात ते शोधून दाखवले. कोनाची वाट मात्र त्यांच्याजवळ नव्हती. अशा संख्या प्रतलावर बाणासारख्या मांडण्याची रीत कास्पर वेसेल या भूमापकाने १७९७ मध्ये डॅनिश अकादमीपुढे ठेवली.

आपल्याजवळ ती वाट आहे. आडवे २, उभे ११ मोजून बिंदू घ्यायचा. ४ आणि १२१ मिळून १२५, म्हणून मापांक √१२५. कोनाचा टॅन ५.५, म्हणजे कोन ७९.६९५ अंश. इथे कॅल्क्युलेटरवर डोळे मिटून विसंबू नये. −२ + २√−१ साठी तो −४५ अंश दाखवतो, पण बिंदू दुसऱ्या चरणात असतो आणि खरा कोन १३५ अंशांचा. आकृती काढलेली असली की ही चूक होतच नाही.

आता डी मॉयव्हर यांचा नियम. घन केला की कोन तिप्पट होतो, म्हणून घनमुळासाठी त्याचा तिसरा भाग घ्यायचा. √१२५ चे घनमूळ √५, आणि ७९.६९५ चा तिसरा भाग २६.५६५ अंश. त्या दिशेने √५ इतके अंतर मोजले की पेन्सिल नेमकी आडव्या २ आणि उभ्या १ वर टेकते. मूळ मिळाले: २ + √−१. हा क्षण मला दरवेळी तितकाच सुंदर वाटतो.

बरीच मुले इथेच पेन खाली ठेवतात. पण ७९.६९५ अंशांची दिशा आणि एक पूर्ण फेरा मारून आलेली ४३९.६९५ अंशांची दिशा एकच आहे. दोन फेऱ्यांनंतर ७९९.६९५. त्यांचे तिसरे भाग मात्र वेगळे येतात: १४६.५६५ आणि २६६.५६५. तिसरा फेरा घेतला तर ३८६.५६५ मिळतात, म्हणजे पुन्हा पहिलीच दिशा. म्हणून घनमुळे तीनच. √५ त्रिज्येच्या वर्तुळावर ती १२० अंशांच्या अंतराने बसतात आणि जोडली की समभुज त्रिकोण होतो.

सूत्रातले दुसरे घनमूळ म्हणजे पहिल्याचे आडव्या अक्षातले प्रतिबिंब. बेरजेत उभे भाग उडतात आणि आडवा भाग दुप्पट होतो. तीन मुळांपासून मिळतात ४, −३.७३२ आणि −०.२६८. मूळ समीकरणाची तिन्ही उत्तरे हीच. नेमकी लिहायची तर ४, −२−√३ आणि −२+√३. तिन्ही वास्तव, पण या सूत्राने तिथे पोचायचे तर √−१ च्या प्रदेशातूनच जावे लागते.

म्हणून उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना माझी विनंती आहे: अंतिम उत्तराला गुण देता, तसे त्या वर्तुळाला आणि त्यावरच्या तीन बिंदूंनाही द्या.