प्राण राखणारी पेटी

वृद्धनिवासात सायंप्रार्थना चालू असता एखादे आजोबा एकाएकी कोसळतात. ठोक्यांचे नियमन करणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह बिघडून त्यांचे हृदय नुसते थरथरू लागलेले असते. अशा वेळी विजेचा झटका दिल्यास ती थरथर थांबून ठोके पूर्ववत् पडू शकतात. १९४७ साली अमेरिकेतील डॉ. क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी एका मुलाचे प्राण याच उपायाने वाचविले. पुढे १९६५ साली डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी बेलफास्ट येथे असे यंत्र रुग्णवाहिकेत आणले.

या यंत्रास डीफिब्रिलेटर म्हणतात. आज ते लहानशा पेटीत मावते. ते हृदयाचा ताल स्वतः पारखते, काय करावे ते बोलून सांगते आणि आवश्यकता नसल्यास झटका देत नाही.

उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची आशा सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका बोलावून छाती लयीत दाबत राहिल्यास थोडा अवधी मिळतो. परंतु तो पुरेलच असे नाही. म्हणून प्रत्येक वृद्धनिवासात ही पेटी कायद्यानेच आवश्यक करावी आणि ती कुलपात न ठेवता सर्वांच्या दृष्टीसमोर असावी. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?