जुन्या कार्ट्रिजमधला सेव्ह का पुसला जातो? ‘पोकेमॉन रेड’च्या निमित्ताने मेमरीचा एक पाठ

या पाठातून काय शिकायचे?

१. रॉम आणि स्टॅटिक रॅम यांतला फरक एका प्रत्यक्ष वस्तूच्या आधारे समजून घेणे.
२. सेलवर टिकणाऱ्या मेमरीच्या आयुष्याचा ढोबळ हिशेब करणे.
३. चेकसम म्हणजे काय आणि त्याची मर्यादा कोणती, हे पाहणे.
४. जुनी माहिती वाचवण्याचा योग्य क्रम जाणून घेणे.

प्रस्तावना

या पाठाला एक घरगुती कारण आहे. मी नववीतून दहावीत गेलो ती २००० सालची मे महिन्याची सुट्टी. माझा मामेभाऊ शारजाहून आला होता. मामाने आदल्या वर्षी मला गेम बॉय आणि ‘पोकेमॉन रेड’चे कार्ट्रिज दिले होते, मामेभावाकडे ‘पोकेमॉन ब्लू’ होते. त्याने येताना जोडणीची केबलही आणली. दोन गेम बॉय केबलने जोडून आम्ही अदलाबदल केली. त्याने मला त्याची व्हल्पिक्स दिली, मी त्याला माझा ग्रोलिथ दिला. जून उजाडला, दहावीचे वर्ष म्हणून आईने गेम बॉय कपाटात ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

दोन वर्षांपूर्वी मामेभावाचा फोन आला. त्याची मुलगी आता पोकेमॉनचे कार्टून पाहते. त्याने विचारले, “काय रे, माझी व्हल्पिक्स आहे ना अजून तुझ्याकडे?” मी कपाट उघडले, नवे पेन्सिल सेल घातले, बटण दाबले. ओळखीचे संगीत वाजले, पडदा उजळला. पण ‘खेळ पुढे चालू ठेवा’ हा पर्याय नव्हता. फक्त नवा खेळ सुरू करता येत होता.

खेळ जसाच्या तसा होता, मग आमचा सेव्ह कुठे गेला? मी वर्गात मेमरी शिकवतो, तरी घरचे कार्ट्रिज वेळेवर उघडून पाहिले नाही. ही चूक माझीच. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा पाठ.

१. खेळाची थोडी माहिती

‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ग्रीन’ हे खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डोच्या गेम बॉयसाठी आले. ते गेम फ्रीक या संस्थेने बनवले, दिग्दर्शक सातोशी ताजिरी. लहानपणी किडे पकडण्याचा त्यांना छंद होता. प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि मित्राशी बदलायचे, ही खेळाची कल्पना त्या छंदातूनच आली. उत्तर अमेरिकेत ‘रेड’ आणि ‘ब्लू’ या नावांनी हे खेळ सप्टेंबर १९९८ मध्ये आले.

एकूण १५१ पोकेमॉन, पण एका कार्ट्रिजमध्ये सगळे मिळत नाहीत. व्हल्पिक्स ‘ब्लू’मध्ये सापडते, ग्रोलिथ ‘रेड’मध्ये. संग्रह पूर्ण करायचा तर दुसऱ्या माणसाकडे जावेच लागते. म्हणून या खेळाची आठवण बहुतेकांना एखाद्या मित्राच्या किंवा भावंडाच्या आठवणीसकटच येते.

गेम बॉय हे १९८९ चे यंत्र. प्रोसेसर ८ बिटचा, वेग सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झ, कामाची रॅम ८ किलोबाइट, पडदा १६० गुणिले १४४ बिंदूंचा आणि रंगछटा केवळ ४. आज तुमच्या मोबाईलमधला एक साधा फोटोही त्या रॅममध्ये मावणार नाही.

२. एका कार्ट्रिजमध्ये दोन मेमरी

कार्ट्रिज उघडले तर आत एक छोटा सर्किट बोर्ड दिसतो. त्यावर आपल्याला महत्त्वाचे असे चार भाग आहेत.

रॉम : इंग्रजी ‘रेड’मध्ये ही १ मेगाबाइटची आहे. नकाशे, चित्रे, संगीत, संवाद आणि प्रोग्रॅम हे सगळे इथे. ही माहिती कारखान्यातच चिपमध्ये कोरलेली असते. वीज गेली तरी तिला काही होत नाही.

स्टॅटिक रॅम : ही ३२ किलोबाइटची. तुमचे नाव, तुमचे पोकेमॉन, तुम्ही जिंकलेले बिल्ले, म्हणजे सेव्ह, हा इथे राहतो.

बँक बदलणारी चिप : प्रोसेसरला एका वेळी ६४ किलोबाइटचेच पत्ते दिसतात. त्यात रॉमच्या वाट्याला ३२ किलोबाइट आणि कार्ट्रिजच्या रॅमच्या वाट्याला ८ किलोबाइट येतात. मोठी मेमरी तुकड्यातुकड्याने त्या खिडकीसमोर आणून ठेवणे हे या चिपचे काम. स्टॅटिक रॅमचे असे ४ तुकडे, म्हणजे ४ बँका आहेत.

सेल : नाण्याच्या आकाराचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल.

आता लक्षात घ्या : ‘रेड’च्या सगळ्या इंग्रजी कार्ट्रिजांत रॉम जवळजवळ एकसारखीच. ती गेली तर दुसरीकडून मिळेल. पण ३२ किलोबाइटची रॅम प्रत्येकाची वेगळी आणि तिची प्रत जगात दुसरीकडे कुठेही नाही.

३. एक पोकेमॉन म्हणजे किती बाइट?

साठवणीच्या पेटीत ठेवलेल्या एका पोकेमॉनसाठी पुढीलप्रमाणे जागा लागते.

जात १, शिल्लक शक्ती २, पातळी १, अवस्था १, प्रकार २, पकडण्याचा दर १, चार डावपेच ४, मालकाचा क्रमांक २, अनुभव ३, सरावातून आलेले गुण १०, जन्मजात गुण २, डावपेचांचे उरलेले वापर ४. बेरीज ३३ बाइट. शिवाय मालकाच्या नावासाठी ११ आणि टोपणनावासाठी ११. एकूण ५५ बाइट.

यातल्या तीन गोष्टी नीट पाहा.

जन्मजात गुणांचे २ बाइट म्हणजे १६ बिट. हल्ला, बचाव, वेग आणि विशेष शक्ती यांना प्रत्येकी ४ बिट. शक्तीचा पाचवा गुण वेगळा साठवलेला नाही. या चौघांच्या शेवटच्या बिटांतून तो काढला जातो. एकूण ६५,५३६ शक्यता. म्हणून एकाच जातीचे, एकाच पातळीचे दोन पोकेमॉनही सारखे नसतात.

सरावाच्या १० बाइटांत तो पोकेमॉन कोणाकोणाशी लढून जिंकला याची गोळाबेरीज असते. तुम्ही त्याच्यासोबत घालवलेल्या दुपारी याच १० बाइटांत जमा झालेल्या असतात.

मालकाचे नाव आणि क्रमांक अदलाबदलीनंतरही बदलत नाहीत. माझ्या कार्ट्रिजमधल्या व्हल्पिक्सवर शेवटपर्यंत मामेभावाचेच नाव होते. तो पोकेमॉन बाहेरून आलेला आहे हे खेळ त्यावरूनच ओळखतो. त्याला दीडपट अनुभव देतो, आणि पुरेसे बिल्ले नसतील तर त्याला तुमचे ऐकूही देत नाही.

४. मेमरी विसरते कशी?

स्टॅटिक रॅमच्या एका बिटात दोन इन्व्हर्टर एकमेकांना जोडलेले असतात. पहिल्याचे आउटपुट दुसऱ्याचे इनपुट आणि दुसऱ्याचे पहिल्याचे. दोघे एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ० किंवा १ ही अवस्था स्थिर राहते. इन्व्हर्टरांचे ४ आणि ये-जा करण्याचे २ असे ६ ट्रान्झिस्टर ही नेहमीची रचना. त्या हिशेबाने ३२ किलोबाइटसाठी २,६२,१४४ बिट आणि सुमारे १५.७ लाख ट्रान्झिस्टर.

धरून ठेवायला वीज लागते. ती थांबली की दोन्ही इन्व्हर्टर सुटतात. पुन्हा वीज दिल्यावर प्रत्येक बिट कोणत्या बाजूला पडेल ते त्या ट्रान्झिस्टरांच्या बारीकसारीक फरकांवर ठरते. जुनी माहिती त्यात उरलेली नसते.

गेम बॉय चालू असताना रॅमला वीज यंत्राकडून मिळते. तो बंद झाला की बोर्डावरचे एक छोटे सर्किट तिला सेलवर नेते. म्हणजे हा सेल खेळल्यामुळे संपत नाही, कार्ट्रिज कपाटात पडून असते तेव्हाच संपतो.

सोडवलेले उदाहरण : सेलची क्षमता १०० मिलीअँपिअर-तास आणि रॅमचा सरासरी करंट ०.५ मायक्रोअँपिअर मानू.

१०० मिलीअँपिअर-तास = १,००,००० मायक्रोअँपिअर-तास
१,००,००० ÷ ०.५ = २,००,००० तास
२,००,००० ÷ ८,७६० = सुमारे २२.८ वर्षे

करंट १ मायक्रोअँपिअर धरला तर हेच आयुष्य ११.४ वर्षांवर येते. सेल आपोआप थोडा उतरतो आणि उष्णतेने अधिक उतरतो, तेही लक्षात घ्यावे. १९९९ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या पुढच्या खेळांत त्याच सेलवर एक घड्याळही चालते, त्यामुळे त्यांचे सेव्ह आधी जाऊ लागले. २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सॅफायर’मध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत गेला. तिथे सेल संपला तर घड्याळ थांबते, सेव्ह मात्र राहतो.

५. खेळाला कसे कळते की सेव्ह बिघडला?

सेव्ह करताना खेळ मुख्य माहितीचे सगळे बाइट बेरजेला घेतो, बेरजेचे शेवटचे ८ बिट ठेवतो, त्यांची उलट करतो, म्हणजे ० चा १ आणि १ चा ०, आणि तो एक बाइट शेजारी लिहून ठेवतो. हाच चेकसम. पुढच्या वेळी पुन्हा बेरीज करून ताडून पाहतो. जुळले नाही तर फाईल नष्ट झाल्याचे सांगतो.

उलट कशासाठी? समजा सगळी मेमरी शून्य झाली. बेरीज शून्य आणि शेजारी लिहिलेला बाइटही शून्य. नुसती बेरीज ठेवली असती तर खेळाला सगळे ठीक वाटले असते. उलट केल्यामुळे तिथे २५५ असायला हवे, म्हणून चूक पकडली जाते.

पण चेकसम फक्त चूक दाखवतो, दुरुस्त करत नाही. गेलेले परत आणायला दुसरी प्रतच हवी.

६. प्रत काढण्याचा क्रम

माझी रॅम गेली होती. मामेभावाला मी लगेच विचारले, तुझे ‘ब्लू’ चालते का? चालत होते. आता घाई करून सेल बदलू नकोस, आधी प्रत काढ, असे त्याला सांगितले. तो क्रम असा.

पहिली पायरी : कार्ट्रिज वाचणारे यंत्र संगणकाला जोडून रॅमच्या चारही बँका एकामागून एक वाचाव्यात. बँक बदलण्यासाठी रॉमच्या पत्त्यांवर ठरावीक आकडे ‘लिहावे’ लागतात. रॉमवर काही लिहिले जात नाही, बँक बदलणारी चिप ते आकडे हुकूम म्हणून उचलते. ४ × ८ किलोबाइट, म्हणजे फाईल बरोबर ३२,७६८ बाइटची हवी.

दुसरी पायरी : दोनदा वाचून दोन्ही फाईली ताडाव्यात. कार्ट्रिजच्या पिना मळलेल्या असतील तर फरक पडतो.

तिसरी पायरी : फाईलच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

चौथी पायरी : त्यानंतरच सेल बदलावा. लिथियम सेलला थेट सोल्डरिंग आयर्न लावू नये, तो फुटू शकतो. पट्ट्या आधीच जोडलेला सेल आणावा आणि धन-ऋण बाजू तपासावी.

पाचवी पायरी : फाईल परत रॅममध्ये लिहून खेळ चालू करून पाहावा.

मामेभावाने हे सगळे केले. त्याने पाठवलेल्या फाईलमध्ये मी पेटीचा भाग शोधला. ग्रोलिथच्या पुढे मालक म्हणून माझे नाव होते, नववीतल्या मुलाने सात अक्षरांत बसवलेले. व्हल्पिक्स गेली ती गेलीच. ग्रोलिथ मात्र त्याच्या मुलीच्या हातात आहे.

७. ओढ नेमकी कशाची?

गतकाळाच्या ओढीला इंग्रजीत जो शब्द आहे तो १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बासेल इथल्या प्रबंधात घडवला, ग्रीक भाषेतल्या ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या शब्दांपासून. तेव्हा तो घरापासून दूर असलेल्यांचा आजार मानला जाई. पुढे मानसशास्त्रज्ञांच्या लक्षात आले की उतारवयात माणसांना साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी जास्त येतात.

२७ फेब्रुवारी २०१६ रोजी हे खेळ निन्टेन्डो ३डीएसवर पुन्हा विक्रीला आले. मार्च २०२३ मध्ये त्या दुकानातली खरेदी बंद झाली. पण त्या प्रतीत जुन्या कार्ट्रिजमधला सेव्ह नेण्याची सोय नव्हतीच. म्हणजे रॉम पुन्हा विकत मिळाली. मामेभावाने मात्र रॉमची चौकशी केली नव्हती, त्याने व्हल्पिक्स विचारली होती. जी माहिती सगळ्यांची सारखी, ती सांभाळायला पुष्कळ जण असतात. जी फक्त तुमची, ती तुम्हीच सांभाळायची.

सारांश

रॉम वीज नसतानाही टिकते, स्टॅटिक रॅम टिकत नाही. सेलवरची मेमरी न वापरतानाच संपत जाते. चेकसम चूक दाखवतो, भरून काढत नाही. आधी प्रत, मग दुरुस्ती.

स्वाध्याय

१. एका पेटीत २० पोकेमॉन आणि यादीसाठी २२ बाइट असतात. १२ पेट्यांना किती बाइट लागतील? त्या ८ किलोबाइटच्या एका बँकेत मावतील का?
२. क्षमता ५० मिलीअँपिअर-तास आणि करंट ०.३ मायक्रोअँपिअर असेल तर सेव्ह किती वर्षे टिकेल?
३. दोन बाइटांची अदलाबदल झाली तर वरचा चेकसम ती चूक पकडेल का? कारण द्या.
४. तुमच्या घरात जिची एकच प्रत आहे अशी डिजिटल माहिती शोधा : जुन्या फोनमधला आवाज, बंद पडलेल्या संगणकातले फोटो. ती कोणत्या प्रकारच्या मेमरीत आहे ते लिहा. उत्तर लिहिण्याआधी तिची प्रत काढा.