शेअरचा लाभ आणि पाण्याची जोखीम

१२ एप्रिल २०१६ रोजीं पहाटेस लातूरच्या स्थानकांत एक आगगाडी आली. तिच्या दहा टाक्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें आणि तें सुमारें ३४० किलोमीटर दूरच्या मिरजेहून आणलें होतें. मांजरा धरण आटलें होतें. त्या गाडीकडे पाहून कोणास शेअर-बाजाराची आठवण झाली नसेल. तथापि भांडवल गुंतविणाऱ्यानें शिकावा असा मोठा धडा तिच्यांत होता.

शेअर घेणें म्हणजे धंद्याच्या भावी नफ्यांतील वांटा आज विकत घेणें होय. हा नफा अनिश्चित असतो व या अनिश्चिततेसच जोखीम म्हणतात. जोखीम अधिक तर लाभ अधिक, असें सामान्यतः मानितात. परंतु हें अर्धसत्य आहे. जोखीम तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीचें मोल निराळें.

पहिली, एका कारखान्याची. नांदेडची उस्मानशाही गिरणी निजामाच्या राजवटींत उभी राहिली. अनेक कुटुंबांची चूल तिच्यावर पेटत असे. पुढें ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व अखेर बंद पडली. ज्याचें सर्व द्रव्य अशा एकाच गिरणींत असतें, तो तिच्याबरोबर बुडतो. ज्याचें वीस निरनिराळ्या धंद्यांत वांटलेलें असतें, त्यास केवळ ओरखडा उमटतो. हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९५२ सालीं हेंच गणितानें मांडून दाखविलें.

दुसरी जोखीम एका प्रदेशाची. पाऊस न झाला म्हणजे लातूरच्या आसपासचा ऊस वाळतो, कारखान्यांचें गाळप घटतें, सोयाबीन व तूर बाजारांत पुरेशी येत नाहीं आणि दुकानदाराचा गल्लाहि रिता राहतो. मुंबईच्या भागीदारास ही जोखीम इतरत्र द्रव्य घालून सौम्य करतां येते. लातूरकरास मात्र तें कठीण. कारण त्याचें घर, शेत व रोजगार हीं सर्व त्याच पावसावर अवलंबून असतात.

तिसरी जोखीम सर्व बाजाराची. २३ मार्च २०२० रोजीं कोविडच्या भीतीनें मुंबईचा सेन्सेक्स हा निर्देशांक एका दिवसांत ३,९३४ अंकांनीं, म्हणजे शेंकडा १३ हून अधिक, कोसळला. तेथें वीस धंदेहि उपयोगी पडले नाहींत. विल्यम शार्प यांनीं १९६४ सालीं मांडलेल्या सिद्धांताप्रमाणें बाजार जादा लाभ देतो तो या तिसऱ्या जोखमीबद्दल. टाळतां येण्याजोगी जोखीम व्यर्थ अंगावर घेणाऱ्यास तो बक्षीस देत नाहीं.

आतां टिकाऊपणाचा प्रश्न. दोन साखर कारखाने आहेत असें समजूं. उसांत शेंकडा सत्तरच्या आसपास पाणीच असतें. पहिला कारखाना तें शुद्ध करून पुन्हा वापरतो, दुसरा विहिरी उपसतो. दुष्काळांत पहिला अधिक तग धरील हें उघड आहे. मग त्याच्या शेअरवर लाभहि अधिक मिळेल काय? येथेंच सुशिक्षित माणूसहि फसतो. कारखान्याचा चांगुलपणा सर्वांस ठाऊक झाला, कीं त्याच्या शेअरचा भाव आधींच चढतो. आणि महाग घेतलेल्या वस्तूवर पुढील प्राप्ति थोडीच. उलट, लोक ज्यांस दूर ठेवितात ते शेअर स्वस्त राहतात. दारू, तंबाखू व जुगार यांच्या अमेरिकन कंपन्यांचे शेअर इतरांहून अधिक लाभ देत आले, असें हॅरिसन हाँग व त्यांचे सहकारी यांस २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळलें. टिकाऊपणापासून जादा लाभ मुख्यतः त्यास होतो, ज्यानें तो बाजाराच्या आधीं ओळखला. इतरांस त्याचें फळ म्हणजे धक्के कमी व झोप शांत. तेंहि लहान नव्हे.

तो ओळखावा कसा? ‘सेबी’नें २०२१ सालीं केलेल्या नियमानुसार बाजारमूल्यानें पहिल्या हजार कंपन्यांस २०२२-२३ पासून पर्यावरण व समाज यांविषयींचा अहवाल द्यावा लागतो. कंपनीनें पाणी कोठून व किती घेतलें, हेंहि त्यांत असतें. लाभांशाचा आंकडा वाचणाऱ्यानें हा आंकडाहि वाचावा.

जवळचा कारखाना ओळखीचा, म्हणून त्यांतच सर्व पुंजी घालण्याचा मोह अनेक गृहस्थांस होतो. परंतु ज्या वर्षीं मांजरा आटते, त्याच वर्षीं शेतहि पिकत नाहीं व लाभांशहि येत नाहीं. पुंजीचा कांहीं भाग दुसऱ्या पावसावर असावा. मिरजेचें पाणी लातुरास उपयोगी पडलें तें एवढ्याचसाठीं कीं, लातुरास मांजरा आटली तरी मिरजेस कृष्णा होती.