विकत घेतलेल्या वस्तूवरील सत्ता

२००९ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील काही ग्राहकांनी आपले ‘किंडल’ हे वाचनयंत्र उघडले, तेव्हा पैसे मोजून घेतलेली दोन पुस्तके त्यातून नाहीशी झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले. दोन्ही पुस्तके जॉर्ज ऑर्वेल याची होती : ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘ॲनिमल फार्म’. नकोसा झालेला मजकूर भिंतीतील छिद्रातून भट्टीत लोटण्याची व्यवस्था ज्या कादंबरीत वर्णिली आहे, तीच कादंबरी अशा रीतीने लुप्त व्हावी, या योगायोगावर त्या वेळी पुष्कळ विनोद झाला. विनोद रास्तच होता. परंतु त्यामुळे घटनेचे खरे मर्म काहीसे झाकले गेले. पुस्तक ऑर्वेलचे नसून पाककृतींचे असते, तरी प्रश्न तोच राहिला असता. विक्री पुरी झाल्यावरही विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याची सत्ता चालू राहणे योग्य आहे काय, आणि ती चालू राहिल्यास ग्राहकाच्या व्यक्तिस्वातंत्र्याला बाध येतो काय, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम हकीकत पाहू. ॲमेझॉन कंपनीच्या दुकानात ही पुस्तके एका अशा प्रकाशकाने ठेवली होती, की ज्याला अमेरिकेत ती प्रसिद्ध करण्याचा हक्क नव्हता. ऑर्वेल १९५० मध्ये वारला. कॅनडासारख्या ज्या देशांत त्या वेळी लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी कॉपीराइट संपत असे, तेथे त्याचे ग्रंथ सर्वांना मोकळे झाले होते. अमेरिकेत मात्र १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीवरील हक्क ९५ वर्षे, म्हणजे २०४४ च्या अखेरपर्यंत चालावयाचा आहे. (आपल्याकडील मुदत मृत्यूनंतर ६० वर्षांची असल्यामुळे २०११ च्या आरंभापासून ऑर्वेल मुक्त आहे. एकच पुस्तक एका देशात सर्वांचे आणि दुसऱ्या देशात कोणा एकाचे, ही आजच्या कायद्याची स्थिती आहे.) हक्कदाराची तक्रार येताच कंपनीने ती पुस्तके दुकानातून काढली, ग्राहकांच्या यंत्रांतूनही काढली, आणि पैसे परत केले. बोभाटा झाल्यावर कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी २३ जुलै रोजी जाहीर क्षमा मागितली आणि आपल्या कंपनीचे कृत्य मूर्खपणाचे होते, असे स्वतःच सांगितले.

येथपर्यंत हा प्रकार एखाद्या दुकानदाराच्या घिसाडघाईचा वाटेल. परंतु मिशिगन राज्यातील एका शाळकरी विद्यार्थ्याची तक्रार निराळी होती. सुट्टीतील अभ्यासासाठी तो ‘नाइन्टीन एटी-फोर’ वाचीत होता आणि वाचता वाचता यंत्रावरच टिपणे करीत होता. पुस्तक गेले, टिपणे मागे उरली, पण ती ज्या ओळींना उद्देशून लिहिली होती त्या ओळीच नाहीशा झाल्यामुळे तिला काही अर्थ उरला नाही. ज्याने कधी समासात शिसपेन्सिलीने खुणा करीत ग्रंथ वाचला आहे, त्याला ही हानी समजावून सांगावयास नको. पुस्तकाची किंमत परत मिळाली. समासातील श्रमाची किंमत कोणत्या दराने परत करावयाची? विद्यार्थ्याने दावा लावला. त्याच वर्षी तडजोड होऊन कंपनीने दीड लक्ष डॉलर दिले आणि यापुढे अमेरिकेतील ग्राहकांच्या यंत्रांतून पुस्तके काढून घेणार नाही, असे मान्य केले. या वचनाला अपवाद ठेवले ते असे : ग्राहकाची संमती असल्यास, त्याने पैसे परत मागितल्यास किंवा मुळात चुकते केले नसल्यास, न्यायालयाचा अथवा नियामक संस्थेचा आदेश झाल्यास, आणि अपायकारक सॉफ्टवेअरपासून रक्षण करावयाचे असल्यास.

हे अपवाद वाजवी आहेत. तरीही येथे एक गोष्ट नजरेतून निसटता कामा नये. कंपनीने जे दिले ते सत्ता न वापरण्याचे वचन होय. सत्ता तिने सोडलेली नाही. छापील पुस्तकाच्या दुकानदाराला असे वचन देण्याचे कारणच पडत नाही, कारण रात्री ग्राहकाच्या घरात शिरून कपाटातील पुस्तक उचलण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. वाचनयंत्राची घडण मात्र मुळातच वेगळी आहे. ते बिनतारी जाळ्याने विक्रेत्याच्या यादीशी जोडलेले असते. पुस्तकाचा मजकूर कूटलिपीत साठविलेला असतो आणि त्याची किल्ली विक्रेता त्या विशिष्ट खात्यापुरती वा यंत्रापुरती देतो. यादीत फेरफार झाला, की जोडलेले यंत्र त्या यादीशी जुळवून घेते. म्हणजे पुस्तक ग्राहकाच्या हातात असले, तरी ‘हे पुस्तक येथे आहे’ हे ठरविण्याचा अधिकार दूरवरच्या यंत्राकडे असतो. ताबा एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था आहे.

जुन्या कायद्याने असा प्रयत्न ओळखला होता आणि तो नाकारलाही होता. अमेरिकेतील बॉब्स-मेरिल नावाच्या प्रकाशनसंस्थेने ‘द कास्टअवे’ या कादंबरीत अशी सूचना छापली होती, की एक डॉलरहून कमी किंमतीस हे पुस्तक कोणी विकल्यास तो कॉपीराइटचा भंग समजण्यात येईल. मेसीज या न्यूयॉर्कच्या पेढीने ते ८९ सेंटला विकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९०८ मध्ये निर्णय झाला तो असा, की प्रत एकदा विकल्यावर तिची पुढील विक्री कशी व्हावी हे ठरविण्याचा अधिकार कॉपीराइटमुळे प्रकाशकास मिळत नाही. जुन्या पुस्तकांची दुकाने, मित्राला दिलेले पुस्तक, ग्रंथालयाची देवघेव, ही सर्व या तत्त्वाच्या आधाराने चालतात.

पुस्तकात छापलेल्या ज्या सूचनेला १९०८ मध्ये न्यायालयाने किंमत दिली नाही, तसल्याच सूचनेला आज पडद्यावरील ‘मला मान्य आहे’ या कळीने कराराचे रूप येते. पुस्तक विकले असे म्हणावयाचेच नाही. वाचण्याचा परवाना दिला असे म्हणावयाचे, ही ती युक्ती. नवलाची गोष्ट ही, की २००९ मधील कंपनीच्या करारात कायम प्रत ठेवण्याचा हक्क ग्राहकास दिलेला होता. करार ग्राहकाच्या बाजूने होता, यंत्र त्याच्या विरुद्ध होते. आणि यंत्र जिंकले. कायद्याच्या अभ्यासकांनी या क्रमाकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल, की हा व्यापारातील वाद आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा येथे काय संबंध? स्वातंत्र्यावरील आक्रमण म्हणजे सरकारचे आक्रमण, हा समज आपल्याकडे दृढ आहे, आणि आपल्या घटनेतील मूलभूत हक्कही बहुतांशी राज्यसंस्थेविरुद्धच आहेत. परंतु मिल्लच्या १८५९ च्या निबंधात सरकारइतकाच समाजाच्या दडपणाचाही विचार केलेला आहे, आणि आगरकरांनी महाराष्ट्रात जी झुंज दिली ती तर मुख्यतः समाजाशी होती. सत्ता कोणाची आहे यापेक्षा तिला मर्यादा कोणती आहे, हे पाहिले पाहिजे.

त्या दृष्टीने एक तुलना करून पाहावी. आपल्याकडे राज्यसरकारला एखादे पुस्तक जप्त करावयाचे असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या ९८ व्या कलमान्वये अधिसूचना काढावी लागते व तीत कारणे नमूद करावी लागतात. झडतीसाठी घरात शिरावयाचे तर मॅजिस्ट्रेटचे वॉरंट लागते. पुस्तकात ज्याचे हितसंबंध गुंतले आहेत अशा कोणासही दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयाकडे धाव घेता येते, आणि त्याचा अर्ज तीन न्यायाधीशांच्या खास पीठापुढे चालतो. ही तरतूद जुन्या संहितेतून जवळजवळ जशीच्या तशी आली आहे. तिचा दुरुपयोग झालेला नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु कारण, हुकूम आणि दाद या तीन पायऱ्या तीत आहेत. ऑर्वेलच्या प्रती काढताना कंपनीला यांपैकी एकही पायरी चढावी लागली नाही.

कॉपीराइटच्या धन्यावर अन्याय झाला होता, हे मात्र नाकारता येत नाही. आमच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे ५८ वे कलम तर एवढे सांगते, की हक्कभंग करून काढलेल्या प्रती हक्कदाराच्याच मालकीच्या मानल्या जातील. म्हणजे छापील चोरटी प्रत निष्पापपणे विकत घेणाऱ्यालाही पूर्ण निर्धास्त राहता येत नाही. पण तेच कलम पुढे काय म्हणते? त्या प्रतींचा ताबा मिळविण्यासाठी हक्कदाराने कार्यवाही करावी. कार्यवाही याचा अर्थ न्यायालय. मध्यरात्री कपाट उघडणे नव्हे. ज्याचा हक्क खरा आहे त्यालाही दार ठोठवावयास लावणे, हेच कायद्याच्या राज्याचे लक्षण होय. यंत्राने दार ठोठावण्याची गरजच नाहीशी केली.

दूरवरून चालविता येणाऱ्या या सत्तेचे लाभही आहेत. हरवलेल्या फोनमधील खासगी मजकूर पुसता येतो. अपायकारक सॉफ्टवेअर वेगाने निकामी करता येते. मात्र पहिल्या उदाहरणात हुकूम मालकाचा असतो, हे विसरू नये. दुसऱ्यात तो विक्रेत्याचा असला, तरी मालकाला विचारून अमल करणे अशक्य नसते. लाभ खरे आहेत. ते पदरात पाडून घेण्यासाठी किल्ली कायमची विक्रेत्याच्या हाती असलीच पाहिजे, हे मात्र सिद्ध होत नाही.

हा प्रकार पुस्तकांपुरता राहिला असता, तर त्यावर एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ज्या वस्तूत सॉफ्टवेअर आहे ती प्रत्येक वस्तू आता या मार्गाने जात आहे. २०१५ मध्ये ट्रॅक्टर बनविणाऱ्या जॉन डियर कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे असे मांडले, की शेतकऱ्यास वाहनाच्या आयुष्यभर ते चालविण्याचा एक गर्भित परवाना मिळतो. लोखंड शेतकऱ्याचे, आज्ञा कंपनीच्या. नांगरटीच्या ऐन दिवसांत यंत्र अडले, तर दोष शोधण्यासाठी कुलूपबंद सॉफ्टवेअर उघडावे लागते. आणि अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार तसले कुलूप मोडणे हाच सामान्यतः अपराध, मग हक्कभंगाचा हेतू असो वा नसो. त्या वर्षी शेतीच्या वाहनांसाठी सूट देण्यात आली खरी. पण अशी सूट तीन वर्षांपुरती असते आणि मुदत संपली की पुन्हा मागावी लागते. स्वतःच्या ट्रॅक्टरची दुरुस्ती करण्याची मोकळीक दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागणे, यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

या बाबतीत आपला कायदा अधिक विवेकी आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ६५-अ या कलमान्वये तांत्रिक कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, परंतु कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने ते मोडले असेल तरच. अधिनियमाने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या हेतूसाठी काही करण्यास या कलमाची आडकाठी नाही. परदेशी नमुना समोर असताना त्याची आंधळी नक्कल न केल्याचे हे एक उदाहरण. अर्थात हे कलम ग्राहकाला केवळ शिक्षेपासून वाचविते. कुलूप उघडून देण्यास ते विक्रेत्याला भाग पाडीत नाही.

कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये एक कायदा केला व तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. ग्राहकास परवानाच मिळणार असेल, तर तसे स्पष्ट बजावल्याशिवाय ‘विकत घ्या’ हे शब्द विक्रेत्याने वापरू नयेत, असा त्याचा आशय आहे. जी वस्तू कायमची उतरवून घेता येते व विक्रेत्याला परत खेचता येत नाही, तिला हा कायदा लागू नाही. दुखण्याचे निदान त्यात अचूक झाले आहे. उपचार मात्र तोकडा आहे, असे माझे मत आहे : वस्तुस्थिती न बदलता तिचे नाव तेवढे बदलले जाते, आणि ग्राहक पूर्वी जी कळ दाबीत होता तीच पुढेही दाबतो. त्याच वर्षीच्या २६ फेब्रुवारीपासून किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची जुनी सोयही ॲमेझॉनने बंद केली. प्रत स्वतःपाशी जपून ठेवण्याची जी एक वाट होती, ती त्यामुळे बुजली. खरा उपाय त्या वाटेवरच असावयास हवा होता : ज्याने किंमत मोजली त्याला विक्रेत्याच्या परवानगीवाचून टिकणारी एक प्रत मिळालीच पाहिजे, आणि ती काढून घ्यावयाची असल्यास न्यायालयाचा हुकूम आणला पाहिजे.

विद्यापीठांतील वाचकांना हा विचार दूरचा वाटू नये. पूर्वी एखाद्या नियतकालिकाची वर्गणी थांबली, तरी आधीच्या वर्षांचे बांधीव खंड ग्रंथालयाच्या फळीवर राहत असत. धूळ खात का होईना, पण राहत. आता वर्गणी थांबली, की कित्येकदा मागील अंकांचे दारही बंद होते. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेखाली ६,००० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय संस्थांना खुली केली आहेत. ज्या महाविद्यालयांना यांतील दहा नियतकालिकेही परवडली नसती, त्यांच्या दृष्टीने ही सोय फार मोठी आहे. मात्र करारात वर्गणीच्या काळातील अंक मुदतीनंतरही वाचता येतील असे कलम असते वा नसते. आणि ते कलम आहे की नाही, हे पाहण्याची वेळ मुदत संपण्यापूर्वीची असते. आपापल्या विभागाच्या ग्रंथालय-समितीच्या पुढील बैठकीत हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. संशोधक विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी वाचलेल्या लेखांची टिपणे, ज्या परिच्छेदावर टिपण केले त्याच्या पूर्ण उताऱ्यासह, स्वतःच्या वहीत उतरवून ठेवावीत.